जिवंत माणसाची चांदणी

आमच्या दुकानात चांदणी ही शोभेची गोष्ट नव्हती. हे मला नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात कळलं, तेही कुणी समजावून सांगितल्यामुळे नव्हे. उंब्रजच्या एका बाईनं दुकानात बसकण मारून गळा काढला, तेव्हा कळलं.

दुकान साताऱ्यात होतं. मालक नाना स्वतः चित्रकार. साठीचे, धोतर नेसणारे, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून काम करणारे. आमचं काम असं : लोक लहान लहान फोटो घेऊन यायचे. एखादा जत्रेतला, एखादा पलटणीच्या ओळखपत्रावरचा, एखादा लग्नातला आणि त्यात नेमकं नवरीचं डोकं हललेलं. त्या सगळ्यांवरून आम्ही कापडावर तेलरंगात घराचं एक मोठं चित्र करून द्यायचो. जी माणसं जन्मात कधी एकत्र उभी राहिली नव्हती, ती आमच्याकडे एका सतरंजीवर बसत. फोटोवर बारीक चौकटी आखायच्या, तितक्याच मोठ्या चौकटी कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट बघून भरत जायची. चेहरे नाना करत. चौकटी, लुगड्यांचे काठ, दागिने आणि मागचं आकाश माझ्याकडे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत, नन्सच्या हाताखाली. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या. पाठ लोकांकडे आणि तोंड कापडाकडे ठेवून करता येईल अशी दुसरी नोकरी मला सुचली नाही, म्हणून ही धरली. नाना मला ‘मिस’ म्हणायचे, थोडं थट्टेनं.

उंब्रजच्या त्या बाईंचं चित्र साधं होतं. आजी, आजीच्या मांडीवर नात, मागे आई-बाप. वर भरपूर आकाश. मला ते बोडकं वाटलं. माझ्या लहानपणच्या गोष्टींच्या पुस्तकांत मुलांच्या डोक्यावर नेहमी चांदण्या असायच्या. चांदण्या म्हणजे झोप, खाऊ, आईचा आवाज. मी सात चांदण्या काढल्या, नानांना न विचारता.

बाई चित्र न्यायला आल्या. आधी नातीच्या गालावरून त्यांनी लांबूनच हात ओवाळला. मग वर बघितलं. बोटानं मोजलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सात? आवं बाई, माजी दोनच गेली हुती. ही बाकीची पाच कुणाची मारलीसा?”

आणि खाली बसून त्या रडू लागल्या. त्या दोघांसाठी की नसलेल्या पाचांसाठी, ते मला कळेना. नानांनी चाकूच्या टोकानं पाच चांदण्या खरवडल्या आणि दोन ठेवल्या. संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं. पुष्कळ घरांतून एक-दोन मुलं फोटो काढण्याआधीच गेलेली असतात. फोटो नाही म्हणजे चौकट नाही, चौकट नाही म्हणजे चेहरा नाही. पण आईला ते चित्रात हवं असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी नानांनी अशा एका आईसाठी एक चांदणी घातली, ती शेजारणीनं पाहिली आणि मग या भागात तो रिवाजच पडला.

“फोटो असेल तर माणूस,” नाना म्हणाले. “फोटो नसेल तर चांदणी. आणि जित्या माणसाची चांदणी कधीच नाही. एवढं लक्षात ठेवा, मिस.”

मी लक्षात ठेवलं. मग मी चांदण्यांकडे बघायला शिकले, म्हणजे खरं तर चांदण्या मागणाऱ्यांकडे. आया ती नेहमी स्वतःच्या डाव्या खांद्याशी मागायच्या, जिथं मूल घेतात तिथं. बापांना ती लांब, कोपऱ्यात हवी असायची. एका म्हाताऱ्यानं ती आपल्या फेट्यामागं घालायला सांगितली, अर्धी झाकलेली, म्हणाला, “असू दे तिथं. पर म्हातारीला रोज दिसाया नगं.” चंद्र मात्र माझ्या सात वर्षांच्या नोकरीत एकानंही मागितला नाही.

नानांची दुसरी शिकवण संशयाची होती. “चित्र काढून घ्यायला आलेला माणूस खरं बोलत नसतो,” ते म्हणायचे. आणि ते खरं होतं. एक गृहस्थ जुन्या चित्रातली चांदणी पुसून घ्यायला आले होते; दुसऱ्या लग्नाची बोलणी चालू होती आणि पहिलीला मूल होऊन गेलं होतं हे मुलीकडच्यांना कळू द्यायचं नव्हतं. नानांनी त्यांना चित्रासकट बाहेर काढलं.

विट्याचे एक गलाईवाले यायचे, मद्रासकडे सोनं गाळायचं दुकान असलेले. त्यांना लहानपणी गेलेल्या बहिणीची चांदणी खऱ्या सोन्याच्या वर्खाची हवी होती. वर्ख स्वतः घेऊन आले आणि माझ्या खांद्याशी खुर्ची टाकून बसले. एका चांदणीला अर्धा दिवस! माझा हात हलला की त्यांची मान हलायची. शेवटी नाना म्हणाले, “अहो, एवढा काय भरवसा नाही आमच्यावर?”

“नाना, सोन्यात लबाडी कशी करत्यात ते म्या माज्या हातानं शिकलोय,” गलाईवाले म्हणाले. “म्हून बसलोय. तुमचं काय न्हाई त्यात.”

मला ते गृहस्थ आवडले. मीही तशीच होते; फक्त खुर्ची टाकून बसण्याचा मोकळेपणा माझ्यात नव्हता. मी कमी बोलायची, शुद्ध बोलायची आणि कागदावर इंग्रजीत टिपणं करायची. त्यामुळे खेड्यातून येणाऱ्यांचा समज झाला होता की या बाईला आपलं बोलणं कळत नाही. माझ्यादेखत ते काहीही बोलत. मी काठाची नक्षी भरत ऐकत असायची. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाचा दागिना चित्रात उसना आहे, सगळं मला ठाऊक असे. आपल्याला माणसं कळतात, असं मला वाटू लागलं. ते वाटणंच पुढं नडलं.

चौऱ्याहत्तर साली नानांनी सांगलीत एक खोली घेतली, कचेरीच्या समोर, आणि आठवड्यातले तीन दिवस मला तिथं पाठवायला सुरुवात केली. माझी मावशी सांगलीला होती, त्यामुळे राहायची सोय होती. तिथं पहिल्याच उन्हाळ्यात कुंडलजवळच्या एका गावातून शामराव नावाचे शेतकरी आले. पांढरी टोपी, उसाच्या पाल्यानं ओरखडलेले हात. बरोबर त्यांची म्हातारी आई.

घरात तीन भाऊ. शामराव थोरले. मधला शेतीतच. धाकटा हिंदुराव पलटणीत. चित्रात मध्ये आई, दोन्ही बाजूंना भाऊ, त्यांच्या बायका, मुलं. शामरावांनी रुमालातून सगळे फोटो काढून मांडले. हिंदुरावाचा नव्हता.

“त्यो लडाईत गेला,” शामराव म्हणाले. “एकाहत्तरला. कळलंच न्हाई काय पुन्यांदा. तिथं चांदणी घाला.”

“फोटो नाही?” मी विचारलं.

“न्हाई.”

शिपायाचा फोटो नाही! आमच्याकडे येणाऱ्या घरांत दुसऱ्या कुणाचा नसला तरी शिपायाचा फोटो असायचाच. मी हिंदुरावाच्या बायकोचा फोटो उचलला. तो कात्रीनं उभा कापलेला होता. नवऱ्याबरोबरचा असणार, कापल्या कडेला खुर्चीच्या हातावर चार बोटं तेवढी राहिली होती.

“हिचं कपाळ मोकळं ठिवा,” शामराव म्हणाले. फोटोत तर कुंकू चांगलं ठसठशीत होतं.

“त्या आल्या नाहीत का बरोबर?”

“तिला कशाला आणायची हितं?” ते माझ्याकडे न बघता बोलले. म्हातारी भिंतीकडे बघत होती. 

ते गेल्यावर मी फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं हिंदुरावाचं नाव, त्याचा नंबर आणि पलटणीचं नाव लिहिलेलं होतं. शिपाई असं लिहून ठेवतात. माझ्या डोक्यात सगळं चित्र चौकटी-चौकटींनी भरून आलं. भाऊ बेपत्ता आहे, मेल्याची खबर नाही. उसाची जमीन आहे. बायको घरी आहे आणि तिला काही विचारलेलं नाही. भिंतीवर एकदा चांदणी लागली, कपाळ मोकळं झालं, की सगळ्या गावाच्या लेखी ती विधवा आणि तो मेलेला. मग त्याच्या वाटणीचं रान शामराव स्वतःकडे घेणार. मला एवढा राग आला की दोन दिवस मी त्या कापडाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली. गिऱ्हाइकांसाठी पलटणीच्या कार्यालयांना इंग्रजीत अर्ज लिहिणं हे माझं नेहमीचं काम होतं. कुणाचा फोटो मागवायचा, कुणाचा पत्ता. तसाच एक अर्ज मी लिहिला, पण कुणी न सांगता. हिंदुरावाच्या बायकोच्या नावानं. तिचं नाव, इंदुबाई, मला फोटोंच्या यादीत मिळालं होतं. माझे पती जिवंत आहेत की नाहीत आणि असल्यास कुठे, हे कृपा करून कळवावे. खाली मी देवनागरीत तिची सही केली, हात मुद्दाम थरथरवून. पत्ता त्यांच्या गावचा दिला, कारण असं उत्तर बायकोच्या घरीच येतं. पत्र तिच्या हातात पडेल, ती वाचेल, तिला खरं कळेल. मावशीलाही बोलले नाही, नानांनाही नाही.

चित्र मी रेंगाळत ठेवलं. नानांनी सांगलीला येऊन चेहरे केले. इंदुबाईंच्या शेजारी एका माणसाची जागा सोडलेली होती, तिच्यावर आकाश. चांदणी अजून नाही, कपाळ अजून नाही.

दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी एक बाई एकट्याच दुकानात आल्या. तिशीच्या आत-बाहेर, हातात कापडी पिशवी, कपाळावर कुंकू. फोटोतल्या चेहऱ्यापेक्षा बऱ्याच रोड. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुमीच व्हय ती विंग्रजी शिकल्याली बाई?”

मी हो म्हटलं.

“मी इंदू.” त्यांनी पिशवीतून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. “ह्यातला अर्ज तुमीच लिवला न्हवं? गावात गुरुजी सोडलं तर असं विंग्रजी कुणाला येतंय?”

लिफाफ्यात मी थरथरत्या सहीनं पाठवलेला अर्ज परत आला होता; त्याला टाचलेला पलटणीचा कागद मी वाचला. चार ओळी होत्या. हिंदुराव जिवंत होता. लढाईत त्याला ओरखडाही आला नव्हता. त्यानं स्वतः अर्ज करून दोन वर्षांपूर्वी पलटण सोडली होती, आणि त्यानं दिलेला पत्ता बेळगावचा होता.

“ते जिवंत आहेत,” मी म्हटलं. मला वाटलं मी तिला काहीतरी देते आहे.

“ठावं हाय मला,” इंदुबाई म्हणाल्या.

मी पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“शामभावजी साल झालं बेळगावात जाऊन बघून आलं. बाई हाय त्येची तिथं. पोरगा हाय. भावजीला बघून त्यानं दार लावून घ्येतलं.” त्या खुर्चीवर न बसता बोलत होत्या. “घरी येऊन भावजी माज्या पायाकडं बघून रडला. मीच म्हटलं, त्यो मेला. लडाईत ग्येला म्हणायचं. माजी मंगल नऊ वर्साची हाय. शिपायाची पोर म्हणून तिला मास्तर फुडं बसवत्यात. टाकल्यालीची पोर म्हटल्यावर कोण बसवंल? पर तोंडानं खोटं बोलायला सासू तयार हुईना. आन् भावजी बी गावासमोर बोलंना. म्हून चित्तर. चांदणी लावली की कुणाला काय सांगाया नगं, बघणाऱ्यानं समजून घ्यायचं.”

“कपाळ मोकळं ठेवायला…”

“म्याच सांगितलं हुतं. तो फोटू बी माज्याच हातानं कापला.”

मग त्यांनी पत्राची गोष्ट सांगितली. इंग्रजी पत्र. माझ्या घरी पत्र आलं की ज्याचं त्यानं फोडून वाचायचं, हा साधा शिरस्ता. ते दुसऱ्या कुणाकडे न्यावं लागेल ही गोष्ट माझ्या मनाला शिवलीच नव्हती. पोस्टमननं सरकारी शिक्का बघून ते शाळेत नेलं, कारण गावात इंग्रजी येणारे एकटे गुरुजी. वार बाजाराचा. पलटणीचं पत्र म्हटल्यावर दहा माणसं जमली. गुरुजींनी पहिली ओळ वाचून आनंदानं ओरडूनच सांगितलं, “अहो, हिंदुराव जिता आहे!” लोकांनी गूळ आणला. मग गुरुजींनी पुढच्या ओळी वाचल्या. पलटण सोडून दोन वर्षं झाली, आणि पत्ता बेळगावचा. वाचताना त्यांचा आवाज उतरत गेला, पण तोवर सगळ्यांनी ऐकलं होतं. मंगल त्याच शाळेत, पहिल्या ओळीत बसली होती.

“तुमाला कुणी सांगितलं हुतं लिवायला?” इंदुबाईंनी विचारलं. ओरडून नाही.

 मी शामरावांबद्दलचा माझा संशय सांगितला, जमिनीचा. सांगतानाच तो किती स्वस्त वाटला.

त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि ऑर्डरीच्या वहीच्या कडेला आपलं नाव लिहिलं. स्वच्छ, टपोरं, एका दमात. “सातवी झाल्ये मी,” त्या म्हणाल्या. “माजी सही अशी हाय. हात कापत न्हाई माजा.” आणि गेल्या.

मी नानांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते काढून टाकतील. त्यांनी कुंचला पुसून ठेवला. मग म्हणाले, “संशय मीच शिकवला तुम्हाला. पण तो ज्याच्यावर आहे त्याला विचारायचा असतो, मिस. माझा मी नेहमी तोंडावर विचारतो, म्हणून तर अर्धं गाव माझ्याशी बोलत नाही.”

दिवाळीच्या आधी म्हातारी आणि इंदुबाई दोघी चित्र न्यायला आल्या. शामराव आले नाहीत. इंदुबाईंनी चित्राकडे पाहिलं. मी त्यांचं कपाळ तसंच ठेवलं होतं, कारण काय करायचं मला कळत नव्हतं.

“लावा कुंकू,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पत्रानं परत लावलंयच.”

मी लावलं. मग त्या शेजारच्या मोकळ्या जागेविषयी मी विचारलं. या वेळी विचारलं. तिथं झाड घालू का, खांब घालू का, की इंदुबाईंना सासूबाईंच्या जवळ सरकवू? तेलरंगात माणूस सरकवणं म्हणजे खरवडून पुन्हा करणं, पण मी करून देणार होते.

“काय सरकवू नगा,” म्हातारी पहिल्यांदाच बोलली. “तिथं चांदणी घाल.”

मी इंदुबाईंकडे पाहिलं. त्याही चमकल्या. “आत्ती, आता कशाला? समद्या गावाला ठावं झालंय.”

“व्हय, म्हून तर. आता खोटं न्हाई काय त्यात.” म्हातारी उठून कापडाजवळ आली. “गाव घरी यील, चांदणी बघंल, आन् म्हणंल म्हातारीनं जित्या ल्येकाला सोडलं. म्हणू दे. म्याच सोडलाय. सुनेला न्हाई सोडली.”

“आजी, आमच्याकडे जिवंत माणसाची…” मी म्हटलं.

“त्यो न्हवं गं.” तिनं हातानं कापडावर उंची दाखवली, गुडघ्याएवढी. “एवढा हुता त्यो तवाचा. पाण्याला ग्येले की पदराला धरून संगं येयाचा. त्येचा फोटू कुठं काढलाय कुणी? त्यो ग्येला की कवाच. त्येची घाल.”

मी विचारलं, केवढी? ती म्हणाली, “जुंधळ्याएवढी.”

मी पांढऱ्या रंगाचा एक ठिपका ठेवला आणि कडा ओल्या बोटानं विरवली. नाना साताऱ्यात होते. त्यांचा नियम मी मोडला आणि नंतर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की आई स्वतः समोर होती ना.

चित्र वाळायला दोन दिवस लागणार होते, गडी पाठवून नेऊ असं ठरलं. म्हातारी टेकून बसली. इंदुबाई टेबलाशी आल्या. “एक पत्र लिवायचं हाय. त्याच हापिसाला. मंगलचं नाव तिच्या बाच्या कागदात हाय का न्हाई, आन् नसलं तर घालायला काय लागतंय, एवढंच इचारायचं. उत्तर ह्या दुकानाच्या पत्त्यावर मागवा. पोस्टमन नगं आता आमच्यात.”

मी लिहिलं. तीन वाक्यं. त्या म्हणाल्या, मराठीत सांगा. मी शब्द न् शब्द सांगितला. “परत सांगा.” पुन्हा सांगितला. सहीसाठी मी पेन पुढं केलं, पण त्यांनी ते घेतलं नाही. कागद घडी करून हातात धरला. “आत्ती, बसा हितंच,” असं म्हणून त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

कचेरीच्या भिंतीला लागून टायपिंगवाले बसत. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पुढ्यात त्यांनी कागद ठेवला. मी दारात उभी राहून बघत होते. गृहस्थांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक ओळ वाचून सांगितली. इंदुबाई वाकून, कागदावर बोट ठेवून ऐकत होत्या. एके ठिकाणी त्यांनी बोट मागे नेलं, तशी गृहस्थांनी ती ओळ पुन्हा सांगितली.

मला वाईट वाटलं नाही, असं लिहिणार होते. वाटलं. पण मी दारातून हलले नाही. गृहस्थांनी मान डोलवली. तेव्हा त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच पेननं, इंदुबाईंनी सही केली.